तीन मिनिटांचा खुलासा

नाळबंधनावरच्या आमच्या लेखानंतर आलेल्या पत्रांत शास्त्राविषयी शंका काढणारी पत्रे मोजकीच आहेत. बाकी सगळी एका रकान्यावर चिडलेली आहेत. ‘विलंबित नाळबंधन केले काय? होय/नाही’ हा तो मासिक अहवालातला रकाना. ग्रामीण रुग्णालयातल्या एका परिचारिकेने लिहिले आहे की, बाळ रडले नाही, पुसून-चोळूनही श्वास आला नाही, तेव्हा तिने शिकवलेल्या क्रमाप्रमाणे नाळ लगेच कापली, बाळ वॉर्मरवर घेतले, अँबू बॅगने श्वास दिला आणि बाळ सावरले. रकान्यात तिने खरे तेच लिहिले: ‘नाही’. आढावा बैठकीत संस्थेचा आकडा शंभरावरून खाली आलेला दिसला आणि बाईंकडून लेखी खुलासा मागवण्यात आला. बाळ का वाचवले, याचाच हा खुलासा! त्या लेबर रूममध्ये त्यानंतर कोणी ‘नाही’ लिहिलेले नाही.

लेबर रूमचे रजिस्टर आता कुठेही उघडून पाहावे. जुळी असोत, वार आधीच सुटलेली असो, बाळ निपचित जन्मलेले असो, प्रत्येक ओळीत ‘3 मिनिटे’. रात्रपाळीला एकटी सिस्टर आणि दोन टेबलांवर दोन बायका, तरी दोघींच्या नावापुढे तीनच मिनिटे. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा कधीचा बंद पडला आहे, ही गोष्ट निराळी. जन्मवेळ मिनिटापर्यंत नोंदवली जाते. क्लॅम्प कधी लावला, ती वेळ लिहायला मात्र अनेक नमुन्यांत जागाच नाही. ज्या गोष्टीचे सगळे मर्म वेळेत आहे, तिची नोंद होय-नाहीत मागायची आणि टक्केवारी वर पाठवायची, असा हा कारभार.

‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’ने 2018 साली विलंबित नाळबंधन आपल्या कार्यक्रमात घेतले, ते योग्यच होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या 53.8 टक्के मुलांना रक्तक्षय होता. पाचव्या फेरीत हा आकडा 68.9 वर गेला. कारणे अनेक आहेत, सगळा दोष नाळेवर टाकता येणार नाही. पण नाळेचा वाटा किती, हे तपासायचे झाले तर हाताशी आहे काय? खोटी रजिस्टरे. स्वीडनमधल्या 2011 च्या चाचणीत चौथ्या महिन्यातली लोहाची कमतरता 5.7 वरून 0.6 टक्क्यावर आलेली दिसली, ती दहा सेकंदांच्या आतले आणि तीन मिनिटांनंतरचे बंधन खरोखर वेगळे मोजले म्हणून.

वरिष्ठांना हिशेब फक्त मिलिलिटरचा कळतो. पूर्ण दिवसांच्या बाळाला वारेकडून साधारण 80 ते 100 मिलि रक्त मिळते, हे खरेच. पण क्रमाचे महत्त्व त्याहून कमी नाही. फुप्फुसात हवा शिरेपर्यंत तिथला रक्तप्रवाह तोकडाच असतो आणि डाव्या निलयाचा बराचसा भरणा नाळेच्या शिरेतून, फोरामेन ओव्हेलमार्गे होतो. श्वासाआधी क्लॅम्प पडला की हा भरणा तुटतो, त्याच क्षणी समोरचा रोध वाढतो, आणि हृदयाचे उत्सर्जन व ठोके दोन्ही घसरतात. मेंढीच्या पिलांवरच्या 2013 च्या प्रयोगात हे दिसले. आधी श्वास देऊन मग नाळ बांधली, तेव्हा ही पडझड टळली. म्हणजे न रडणारे बाळ, ज्याला आपण सर्वांत आधी नाळेपासून तोडतो, त्यालाच कदाचित तिची गरज जास्त असते. त्याला नाळेसकट श्वास द्यायचा तर बॅग-मास्क आणि उबदार पृष्ठभाग आईच्या टेबलाला लागून हवा. वॉर्मर मात्र खोलीच्या दुसऱ्या टोकाला, प्लगपॉइंट जिथे आहे तिथे. याबद्दल खुलासा कोणाकडून मागवायचा?

आपल्या व्यवसायबंधूंनाही सूट नाही. ‘कावीळ वाढेल’ ही सबब अजून ऐकू येते. फोटोथेरपीची गरज थोडी वाढते, पण ती शंभरात दोनांच्याही आत. त्यासाठी बाळावर लक्ष ठेवायचे असते, रक्त अडवायचे नसते. मातेचा रक्तस्राव त्याने वाढत नाही. ऑक्सिटोसिन वेळेवर द्या, नाळ थांबू शकते. ‘सीझरमध्ये जमत नाही’ म्हणणाऱ्यांनी भूलतज्ज्ञाला आधी सांगून एक मिनिट तरी थांबून पाहावे. बाळ आईच्या पोटावर ठेवले तर रक्त कमी पोचेल, ही भीती अर्जेंटिनातल्या 2014 च्या चाचणीने घालवली आहे. घाई म्हणून नाळ पिळणाऱ्यांनी 2019 ची चाचणी विसरू नये: 28 आठवड्यांआतल्या बाळांत मेंदूतला तीव्र रक्तस्राव पिळलेल्या गटात 22 टक्के, थांबलेल्या गटात 6. आणि नाळरक्त साठवणाऱ्या खासगी बँकांचे किट टेबलावर उघडून ठेवणाऱ्यांनी एवढे तरी सांगावे की पिशवी भरायची म्हणून क्लॅम्प किती सेकंद आधी पडतो. स्वतःसाठी नाळरक्त साठवण्याला शास्त्रीय आधार नाही, हे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने 2017 सालीच स्पष्ट केले आहे.

आरोग्य विभागाकडे आमची मागणी साधी आहे. होय-नाहीचा रकाना काढा. जन्माची वेळ आणि क्लॅम्पची वेळ, दोन्ही सेकंदांसह लिहायला जागा द्या. शेजारी तिसरा रकाना ठेवा: लवकर बांधली असल्यास कारण. कारण लिहिलेली नोंद चूक धरू नका. आणि शंभर टक्क्यांचा आकडा दाखवणाऱ्या संस्थेला शाबासकी देण्याआधी तिथले घड्याळ चालते का, ते पाहून या.

नवा नमुना छापून येईपर्यंत थांबायचे कारण नाही. सिस्टर, बाळ बाहेर आले की वेळ मोठ्याने पुकारा, एक मिनिट झाले की पुन्हा पुकारा. क्लॅम्प लागला की केसपेपरवर वेळ लिहा. अठ्ठेचाळीस सेकंद झाले असतील तर अठ्ठेचाळीसच लिहा. डॉक्टर, त्या आकड्याखाली तुमची सही करा, म्हणजे उद्या खुलासा मागितला तर तो एकट्या परिचारिकेला द्यावा लागणार नाही.