पाजलेले डोस आणि न तपासलेल्या लेंड्या

पावसाळ्याच्या तोंडावर भरणाऱ्या जंतनिर्मूलन शिबिरांचे अहवाल बहुधा किती मेंढ्यांना औषध पाजले या एकाच रकान्यावर संपतात. पाजल्यानंतर जंत मेले का आणि कोकरे सावरली का, हे विचारणारा रकाना त्या तक्त्यात नसतो. औषध देऊनही कोकरे हगून मेली, ही मेंढपाळांची तक्रार म्हणूनच गांभीर्याने घ्यावयास हवी.

चार ते आठ आठवड्यांच्या कोकरांतील हगवणीचे एक मोठे कारण कॉक्सिडिया, म्हणजे आतड्याच्या अस्तरातील पेशींत वाढून त्या फोडणारे आयमेरिया प्रजातीचे एकपेशीय परोपजीवी, हे आहे. ते जंत नसल्यामुळे अल्बेंडाझोल या जंतनाशकाचा त्यांच्यावर काहीही परिणाम होत नाही. त्यांच्यासाठी अँप्रोलियम किंवा सल्फा गटातील औषध आणि कोरडा वाडा लागतो, कारण लेंडीतून पडलेल्या अंडपुटी ओलाव्यात दोन-तीन दिवसांतच संसर्गक्षम होतात. शिवाय अंडपुटी दिसू लागण्याआधीच हगवण सुरू होऊ शकते आणि धडधाकट कोकरांच्या लेंडीतही त्या सापडतात, त्यामुळे एकाच नमुन्यावरून निदान करणे धोक्याचे ठरते. उद्दिष्टपूर्तीच्या घाईत हा विचार होत नाही, ही संतापजनक बाब आहे.

चौथ्या जठरात रक्त शोषणाऱ्या हिमोंकस या गोलकृमीबाबत तर हीच घाई अपायकारक ठरते. अल्बेंडाझोल ज्या बेंझिमिडाझोल गटात मोडते, त्यातील पहिले औषध थायाबेंडाझोल १९६१ मध्ये आले आणि १९६४ मध्येच त्याला न जुमानणाऱ्या हिमोंकसची नोंद झाली. तरीही वजन न करता अंदाजाने कमी मात्रा पाजली जाते, आणि सगळा कळप एकाच दिवशी पाजून लगेच न चरलेल्या रानात सोडला जातो, जिथे मग केवळ औषधातून वाचलेल्या जंतांचीच अंडी पडतात. यात मेंढीपालकही निर्दोष नाहीत. वर्षानुवर्षे एकाच औषधाची बाटली आणणे त्यांनीही थांबवले पाहिजे.

पशुधन विकास अधिकाऱ्यांनी पुढील फेरीपूर्वी प्रत्येक कळपातील दहा-पंधरा कोकरांच्या लेंड्या तपासून प्रति ग्रॅम अंडी मोजावीत, गटातील सर्वांत जड कोकराच्या वजनाप्रमाणे मात्रा ठरवावी, दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा मोजणी करावी आणि घट ९५ टक्क्यांहून कमी आढळल्यास औषधाचा गट बदलावा. मेंढपाळांनीही या दुसऱ्या मोजणीचा आकडा लेखी मागून घ्यावा आणि तो मिळेपर्यंत पुढचा डोस पाजू देऊ नये.