एक ‘ओ’ जास्त

इंग्रजीतल्या ‘व्हेरी’ आणि ‘टू’ या शब्दांत काही फरक नाही असं जो म्हणतो, त्याच्या हाती मी माझं पासबुकसुद्धा देणार नाही. आमच्या घरी हल्ली सगळंच ‘टू गुड’ असतं. मेव्हण्याला शिरा ‘टू गुड’ लागतो आणि वर तो दुसऱ्यांदा वाढूनही घेतो. अरे बाबा, ‘टू’ आहे ना? मग ठेव की खाली!

शाळेत मास्तरांनी हे घोकून घेतलं होतं. ‘वाक्यातला टू काढा’, दोन मार्क. ‘द बॉक्स इज टू हेवी टू लिफ्ट’, म्हणजे पेटी इतकी जड की उचलवत नाही. वाक्यात ‘नॉट’ कुठेच दिसत नाही. तो ‘टू’च्या पोटात दडलेला असतो. ‘व्हेरी हेवी’ पेटी घाम गाळून माडीवर नेता येते, ‘टू हेवी’ पेटी जिन्याखालीच राहते. ‘व्हेरी’ माप वाढवतो, ‘टू’ माप ओलांडतो. ‘अति तेथे माती’मधलं अति म्हणजे हा ‘टू’. माती मागोमाग येतेच.

दोन मार्क मला पडले, अक्कल मात्र २००९ साली आली. आमच्या शाखेतल्या शिपायांना सगळे मामा म्हणत. काउंटरखाली पडलेली दहाची नोटसुद्धा ते कॅशियरपुढे आणून ठेवत. त्यांचा कारकून होण्याचा अर्ज वर जायचा होता. बी. कॉम. म्हणून साहेबांनी शिफारस लिहायला मला बसवलं. मी झोकात लिहिलं, ‘ही इज टू ऑनेस्ट फॉर कॅश वर्क.’

कागद परत आला. समासात लाल शाईनं एकच प्रश्न: ‘मग यांना ठेवायचं कुठे?’ खुलासा पाठवेपर्यंत त्या वर्षीची यादी लागून गेली. ‘टू’ मी लिहिला. वर्षाच्या पगारातला फरक गेला तो मामांचा.

आता तुम्ही म्हणाल, भाषा काय, लोक बोलतील तशी. खुद्द इंग्रजसुद्धा ‘यू आर टू काइंड’ म्हणतात. म्हणोत बापडे! ती चहाच्या कपाबरोबर संपणारी लाडीगोडी. सहीशिक्क्याच्या कागदावर असले लाड चालत नाहीत. तिथे वाचणाऱ्याला तुमचा हसरा चेहरा दिसत नाही, अक्षर दिसतं. म्हणून ‘टू’ लिहिण्याआधी स्वतःला विचारा, ‘कशासाठी जास्त?’ उत्तर नसेल तर मुकाट्यानं ‘व्हेरी’ लिहा.

दोघांचं कुळही पाहून ठेवा. ‘व्हेरी’ आला जुन्या फ्रेंचमधल्या ‘खरा’ या अर्थाच्या शब्दापासून. आणि ‘टू’ म्हणजे ‘कडे’ या अर्थाचा तो साधा, एका ‘ओ’चा ‘टू’च, वेगळा ओळखू यावा म्हणून १६व्या शतकापासून त्याला आणखी एक ‘ओ’ लावू लागले. म्हणजे जास्तीचं लक्षण त्याच्या अंगावरच आहे! मामा खरे प्रामाणिक होते. खरे, म्हणजे ‘व्हेरी’. एवढंच मला लिहायचं होतं.

पुढच्या वर्षी दुरुस्त शिफारशीवर मामांचं काम झालं. पेढ्यांचा पुडा पुढे करत म्हणाले, “साहेब, पेढा व्हेरी गोड आहे, टू नाही. घ्या आणखी एक!”