वाळला वेल

हिरवं पान कुणीबी ओळखतो. श्रावणात रानभाजी महोत्सव भरतात, टाकळ्या-कुर्डूच्या जुड्यांवर चिठ्ठ्या लागतात, पुढारी फोटो काढून घेतात. आमच्या भुकेची भाजी त्यांच्या शौकाची झाली. मित्रांनो, त्यांना म्हणावं पौषात या मुळशीच्या डोंगरात. पान गळालंय, वेलाची सुतळी झालीय. आता सांगा, खाली करांदा आहे की कळलावी?

करांदा उकडून, पाणी बदलून, कडूपणा काढून खाता येतो. कळलावीच्या कंदात कोल्चिसीन असतं, ते माणूस मारतं. माझी आई वाळली काडी बोटात धरून सांगायची. करांद्याचं खोडच झुडपाला पीळ घालतं, मेलं तरी पीळ सुटत नाही. खाली खडबडीत गोळे पडलेले असतात. कळलावी पानाच्या शेंड्यानं धरून चढते. वाळल्यावरही तो आकडा काटकीला घट्ट असतो. बोंड तीन फाकांत उकललेलं, आत लाल बी. कंद नांगरासारखा वाकडा. पोथीवाल्यांनी नांगर पाहिला, 'लांगली' म्हटलं. बायकांनी बाळंतपणाची कळ पाहिली, 'कळलावी' म्हटलं. पोथीला नांगर दिसला, धरणारा कधी दिसला नाही!

थिओडोर कुकसाहेबाचा मुंबई इलाख्याच्या झाडाझुडपांचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात निघाला. संग्रहालयात वाळक्या झाडाच्या कागदावर गोळा करणाऱ्याचं नाव असतं. वाट दाखवणारीला रकानाच नाही.

आपल्यातले शिकलेले म्हणतात, उपासमारीची निशाणी कशाला उगाळता? बाबासाहेबांनी खेडं सोडा म्हटलं. बरोबरच म्हटलं. मी खेड्याचे गोडवे गात नाही, उपाशी मरणं काही संस्कृती नव्हे. पण जिनं पोरं जगवली ती विद्या लाजेनं पुरायची, अन् उद्या कुणा प्राध्यापकानं स्वतःच्या नावावर उकरायची?

१९२१ साली मुळशीत टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला. सेनापती बापटांचं नाव इतिहासात आलं, धरणही झालं, खोरं बुडालं. ज्याच्या नावे जमीनच नाही त्याच्या करांद्याच्या जागेचा मोबदला कोणत्या कागदावर मांडायचा? आता टेकड्यांना तारेचं कुंपण, आत बंगला, दारात वॉचमन. तोही बहुतेक आपलाच पोरगा. वेल कुंपणाच्या आत.

तेव्हा वही घ्या. आपल्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांकडे जा, कातकरी वस्तीत जा, तिथं अजून जाणत्या बाया आहेत. झाडाचं नाव, वाळल्यावरची खूण, अन्न की विष, कुठल्या उतारावर, हे सगळं लिहा. अन् सांगणारीचं नाव, ती हो म्हणाली तर, सगळ्यात वर. होळीच्या आत जा. वणवा लागला की काडीही उरत नाही.