नकाशातला मनोरा, दगडातला मनोरा

मुंबई विद्यापीठाच्या फोर्ट संकुलातल्या राजाबाई मनोऱ्याचा आराखडा करणारा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट मुंबईला कधी आलाच नाही. नकाशे लंडनमध्ये झाले, पैसा प्रेमचंद रायचंदांनी दिला आणि नाव त्यांच्या आईचं लागलं. १८६९ ते १८७८ या काळात काम केलं ते मात्र इथल्या हातांनी. मनोऱ्यावर पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या समाजांच्या २४ मूर्ती आहेत, त्या मुकुंद रामचंद्र या इथल्याच अभियंत्याने घडवलेल्या. पगडीचा घाट लंडनमध्ये बसून थोडाच सुचणार होता! म्हणूनच मनोऱ्याची मापं घेऊन सविस्तर नोंद करावी असं म्हटलं की येणारा ‘मूळ नकाशे असताना पुन्हा मापं कशाला?’ हा प्रश्न फसवा आहे. काय बांधायचं ठरलं होतं तेवढंच नकाशावरून कळतं. प्रत्यक्षात काय उभं राहिलं आणि जवळपास दीडशे पावसाळ्यांत त्याचं काय झालं, हे इमारतीशेजारी परांची बांधून, दगड न् दगड पाहूनच नोंदवावं लागतं. कुर्ल्याचा दगड कुठे, पोरबंदरचा कुठे, कोणत्या सांध्यातला चुना झडला, ओल कुठून उतरते, हे सगळं त्या नोंदीत येतं. चुन्याच्या जागी कुणी सिमेंट भरलं तर आत अडकलेली ओल मऊ दगडातून वाट काढते आणि त्याचे पापुद्रे सुटतात. ही चूक कुठे झाली, हे नोंद नसेल तर पुढच्या कारागिराला कसं कळणार?

२०१५मध्ये जीर्णोद्धार पूर्ण झाला, २०१८मध्ये परिसरासह जागतिक वारशाच्या यादीत नाव लागलं, आता आणखी काय हवं, असंही म्हणता येईल. पण दुरुस्तीपुरती केलेली नोंद त्या दुरुस्तीबरोबर जुनी होते. पॅरिसच्या नोत्र दाममध्ये अँड्र्यू टॅलन या कला-इतिहासकाराने २०१०मध्ये लेझरने मापं घेतली, तेव्हा छत जळालेलं नव्हतं. २०१९च्या आगीनंतर तीच मापं पुनर्बांधणीत कामी आली. खर्चाचा आक्षेप खरा आहे, पण अर्धाच. लेझर यंत्र महाग असतं. टेप, ओळंबा आणि कागद महाग नसतात. जुन्या वास्तूंची मापं घेऊन नकाशे काढणं हा वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासाचाच भाग असतो, आणि सर जे. जे. वास्तुकला महाविद्यालय फोर्टहून हाकेच्या अंतरावर आहे. सुरक्षेसाठी काही तपशील झाकावे लागतील, ते झाकावेत. बाकीचे खुले ठेवावेत.

भिवंडी तालुक्यातल्या खारबावच्या विद्यार्थ्याच्या पदवीवर बहुधा याच विद्यापीठाचं नाव असतं, पण वसई-दिवा गाडीने निघून फोर्ट गाठेपर्यंत त्याचा अर्धा दिवस जातो. मराठीत भागांची नावं लिहिलेले मनोऱ्याचे हे नवे नकाशे त्याला घरी पाहता आले, तर गोदामांनी वेढलेल्या आपल्या तालुक्यातलं एखादं कौलारू घर पडण्याआधी कसं मोजायचं, हेही त्याला उमगेल. सुरुवात त्या २४ मूर्तींपासून व्हावी: प्रत्येकीचं माप, छायाचित्र, आणि खाली मुकुंद रामचंद्रांचं नाव.