बाजू उघड, कागदही उघडे

पत्रकाराने पक्षाचा झेंडा खांद्यावर घेऊ नये, हा धडा या धंद्यात नवख्याला पहिल्याच दिवशी मिळतो. ब्रिटनच्या पॉल फूट यांनी तो झेंडा जन्मभर मिरवला आणि तरीही शोधपत्रकार म्हणून विरोधकांचाही आदर मिळवला. हे त्यांना कसे साधले, ते पाहण्यासारखे आहे.

फूट यांचा जन्म 1937 चा, हैफाचा. वडील ह्यू फूट वसाहत खात्यातले अधिकारी, पुढे सायप्रसचे अखेरचे ब्रिटिश गव्हर्नर. काका मायकेल फूट मजूर पक्षाचे नेते. घराणे असे, शिक्षण ऑक्सफर्डचे. पार्लमेंटची वाट मोकळीच होती. पण 1961 मध्ये ‘डेली रेकॉर्ड’च्या नोकरीसाठी हा तरुण ग्लासगोला गेला आणि तिथल्या कामगार चळवळीत रमला तो कायमचा. काकांचा मजूर पक्षही त्याला पुरेसा डावा वाटेना. 1977 मध्ये बर्मिंगहॅमच्या स्टेचफर्ड मतदारसंघातील पोटनिवडणुकीला समाजवादी कामगार पक्षातर्फे ते उभे राहिले, तेव्हा त्यांना मते पडली अवघी 377. मतदारांनी त्यांचे राजकारण नाकारले. वाचकांनी त्यांची लेखणी मात्र नाकारली नाही.

‘प्रायव्हेट आय’ या खवचट पाक्षिकात त्यांनी 1970 मध्ये जॉन पोल्सन या वास्तुविशारदाचे उद्योग चव्हाट्यावर आणले. सरकारी कामे मिळवण्यासाठी हा गृहस्थ नगरसेवकांपासून बड्या पुढाऱ्यांपर्यंत साऱ्यांना खूश ठेवत असे. या प्रकरणाची झळ लागून 1972 मध्ये गृहमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांना पद सोडावे लागले.

पण फूट यांची खरी कसोटी लागली ती ब्रिजवॉटर प्रकरणात. 1978 मध्ये स्टॅफर्डशायरमधील एका शेतघरात वर्तमानपत्र टाकायला गेलेल्या कार्ल ब्रिजवॉटर या 13 वर्षांच्या मुलाची गोळी घालून हत्या झाली. देश हादरला. चार जणांना शिक्षा झाली, आणि खटल्याचा मुख्य आधार होता त्यांच्यापैकी पॅट्रिक मोलॉय याचा कबुलीजबाब. चौघांतल्या मायकेल हिकीच्या आईने हार मानली नाही. तिचे म्हणणे फूट यांनी ऐकून घेतले, साक्षी-जबान्या चाळल्या आणि 1980 पासून ‘डेली मिरर’मधल्या आपल्या स्तंभात हे प्रकरण लावून धरले. 1986 मध्ये त्यावर पुस्तकही लिहिले. 1989 मध्ये अपील फेटाळले गेले, तरी त्यांनी लिहिणे थांबवले नाही.

अखेर उकल झाली ती एका कागदावरून. कागदांच्या चळतीवर लिहिताना पेनाचा दाब खालच्या पानावर उमटतो. मोलॉयच्या जबानीच्या कागदावर असा दाब सापडला, आणि तो होता सहआरोपी व्हिन्सेंट हिकीच्या नावाने रचलेल्या खोट्या कबुलीजबाबाचा. ही बनावट दाखवूनच मोलॉयला बोलते केले होते. 1997 मध्ये शिक्षा रद्द झाल्या, तिघे सुटले. मोलॉय 1981 मध्येच तुरुंगात मरण पावला होता. तो कागद फूट यांनी शोधला नाही, ते काम बचाव पक्षाचे. पण जवळपास सतरा वर्षे हे प्रकरण विझू दिले नाही, याच्या श्रेयात त्यांचा वाटा मोठा.

इथे कोणी म्हणेल, डाव्या माणसाने पोलिसांवर संशय घ्यायचाच. मग कॉलिन वॉलेसचे काय? उत्तर आयर्लंडमध्ये ब्रिटिश लष्कराच्या अपप्रचाराची सूत्रे हलवणारा हा अधिकारी, म्हणजे फूट यांच्या राजकारणाचा उघड शत्रू. मनुष्यवधाच्या गुन्ह्यात त्याला गोवले गेले, असे दिसताच फूट यांनी 1989 मध्ये त्याच्यासाठी पुस्तक लिहिले. 1996 मध्ये ती शिक्षाही रद्द झाली.

प्रत्येक डाव त्यांनी जिंकला असेही नाही. 1962 मध्ये फाशी गेलेला जेम्स हॅनरॅटी निर्दोष होता, असे ते वर्षानुवर्षे सांगत राहिले. 2002 मध्ये अपील न्यायालयाने डीएनए चाचणीच्या आधारे त्याची शिक्षा योग्य ठरवली. गुन्ह्याच्या वेळी हॅनरॅटीला वेल्समधील ऱ्हिल गावात पाहिल्याचे सांगणाऱ्या साक्षीदारांवर फूट यांचा विश्वास. त्यांनी निकाल मानला नाही. यात त्यांचा हट्ट दिसतो. पण आपली भिस्त कशावर आहे हे त्यांनी नावानिशी छापून ठेवले होते, म्हणूनच ते चुकले की नाही हे आज कोणालाही तपासता येते.

हाच नियम त्यांनी स्वतःच्या दैनिकालाही लावला. 1993 मध्ये ‘मिरर’च्या नव्या व्यवस्थापनाने पत्रकारांना घरी बसवण्याचा सपाटा लावला. फूट यांनी आपला स्तंभ त्यावरच लिहिला. संपादकांनी तो छापण्यास नकार दिला, तेव्हा यांनी तो स्वतः छापून कचेरीबाहेर रस्त्यावर वाटला आणि चौदा वर्षांच्या स्तंभावर पाणी सोडले. 2004 मध्ये निधन होईपर्यंत ते लिहीतच होते.

पोलिसांनी सांगितले ते जसेच्या तसे छापणाऱ्याला आपण तटस्थ म्हणतो, आणि त्यावर शंका घेणाऱ्याला पक्षपाती. पण पोलिसांची बाजू ही देखील एक बाजूच असते. ती घेणाऱ्याला तसे कबूल करावे लागत नाही, इतकाच फरक. फूट यांच्या समाजवादाशी ज्याला देणेघेणे नाही, त्यानेही त्यांच्याकडून एक गोष्ट जरूर घ्यावी. बातमीदार कोणत्या बाजूचा, एवढे विचारून भागत नाही. त्याने कागद वाचले आहेत का, आणि आपल्याला ते दाखवायला तो तयार आहे का, हेही विचारले पाहिजे.