धागा : दोन सह्यांचा चित्रपट

१९३१ साली वॉर्सात एका तरुण जोडप्याने 'युरोपा' नावाचा मूकपट करायला घेतला. लांबी जेमतेम बारा मिनिटे. १९४० मध्ये पॅरिस जर्मनांच्या ताब्यात गेले, तेथील एका प्रयोगशाळेत ठेवलेली त्याची प्रत नाझींनी जप्त केली आणि पुढे जवळजवळ ऐंशी वर्षे हा चित्रपट कायमचा नष्ट झाला असेच मानले गेले. तो करणारे दोघेही १९८८ मध्ये, तो पुन्हा न पाहताच वारले.

फ्रान्चिश्का थेमरसन ही वॉर्सातील चित्रकार याकुब वाइनलेस यांची मुलगी, स्वतः तेथील कला अकादमीत शिकलेली. स्तेफान प्वोत्स्क गावचा. त्याने आधी भौतिकशास्त्र आणि मग वास्तुकला असा प्रवास करून दोन्ही अर्धवट सोडली. चित्रपटाचे रीतसर शिक्षण दोघांपैकी एकाचेही नव्हते.

पोलंडमधील वूच शहरात (नकाशात ते 'लॉड्झ' असे दिसते) २०१३ मध्ये या दोघांच्या कामाचे आणि अवाँ-गार्द, म्हणजे रूढ कलासंकेत झुगारणाऱ्या, चळवळीचे प्रदर्शन भरले. स्थळ होते 'मुझेउम श्तुकी'. या संग्रहालयाचा आधुनिक कलासंग्रहच मुळी कलावंतांच्या एका गटाने इतर कलावंतांकडून भेटीदाखल कलाकृती मागून उभा केला आणि १९३१ मध्ये लोकांसाठी खुला केला. सहयोगातून जन्मलेली कला पाहायला याहून योग्य जागा क्वचितच सापडेल.

पण अशा कलेचे प्रदर्शन मांडताना पहिला प्रश्न पाटीचा येतो. कलाकृतीखाली नाव कोणाचे? रूढ उत्तर असे की स्तेफान चित्रपटकार आणि लेखक, फ्रान्चिश्का चित्रकार आणि पुस्तकांची सजावटकार. मग एका दालनात पडदा, दुसऱ्यात पुस्तके, तिसऱ्यात कॅनव्हास. ही वाटणी सोयीची आहे, मात्र इतिहास म्हणून चुकीची आहे.

चित्रपट घडत कसे होते ते आधी पाहू. काचेवर अर्धपारदर्शक कागद पसरायचा, त्यावर वस्तू मांडायच्या, वरून दिवा फिरवायचा आणि काचेखालून वर रोखलेल्या कॅमेऱ्याने एकेक चौकट टिपायची. पडद्यावर वस्तू दिसत नाही, तिची हलती सावली दिसते. हे तंत्र स्तेफानने छायाचित्रणातून आणले. पण प्रत्येक चौकटीत सावली कागदावर कुठे पडावी, किती जागा रिकामी राहावी, हे निर्णय रेखाटनाचे आहेत. चित्रपटांवर सही दोघांची आहे आणि ती सौजन्यापोटी केलेली नाही.

आता 'युरोपा'चाच माग काढू. त्याचे मूळ अनातोल स्टर्न यांच्या १९२५ च्या कवितेत. १९२९ मध्ये तिचे पुस्तक निघाले. त्याची आतील मांडणी मेचिस्वाव श्चुका यांची, मुखपृष्ठ तेरेसा झार्नोव्हर यांचे. श्चुका तोवर हयात नव्हते. १९२७ मध्ये तात्रा पर्वतात चढाई करताना त्यांचा मृत्यू झाला होता. म्हणजे थेमरसन दांपत्याने कॅमेरा हाती घेण्यापूर्वीच या कृतीवर तीन जणांचे हात फिरले होते.

युद्धाने या जोडप्याची ताटातूट केली. फ्रान्चिश्का लंडनमध्ये पोलंडच्या निर्वासित सरकारसाठी नकाशे काढत होती, स्तेफान फ्रान्समध्ये अडकून पडला होता. १९४२ मध्ये भेट झाली. १९४८ मध्ये त्यांनी लंडनला 'गॅबरबोकस' ही प्रकाशनसंस्था काढली. लुईस कॅरल यांच्या 'जॅबरवॉकी'चे हे लॅटिन रूप, आणि ते घडवले होते कॅरल यांच्याच काकांनी! संस्थेत बार्बरा राइट आणि ग्वेन बर्नार्ड याही भागीदार होत्या. कलाविभाग फ्रान्चिश्काकडे. १९५१ मध्ये येथून निघालेल्या 'उबू र्वा' या नाटकाच्या इंग्रजी आवृत्तीत अनुवादक राइट यांनी संपूर्ण मजकूर स्वतःच्या हस्ताक्षरात शिळाप्रेसच्या पत्र्यांवर लिहिला आणि त्या अक्षरांच्या अवतीभवती फ्रान्चिश्काची रेखाटने नाचू लागली. हे पुस्तक कोणत्या दालनात ठेवायचे?

याच संस्थेने १९६२ मध्ये स्टर्न यांची 'युरोपा' इंग्रजीत काढली आणि तीत हरवलेल्या चित्रपटाची स्थिरचित्रे छापली. प्रकरणाचा कणा येथे आहे. चित्रपट नव्हता तेव्हा त्याचा पुरावा पुस्तकाने सांभाळला. संग्रहालयाची पाटी ज्याला 'सजावट' म्हणून बाजूच्या खोलीत पाठवते, तेच चित्रपटाच्या इतिहासाचे प्रमुख साधन होते. दालने वेगळी केली की साधनांची साखळी तुटते, आणि साखळी तुटल्यावर उरते ती एका प्रतिभावंत पुरुषाची आणि त्याच्या गुणी पत्नीची गोष्ट.

याच्या उलट टोकाची चूकही होते. 'दोघे म्हणजे एकच कलावंत' असे म्हणणे ऐकायला गोड आहे, पण त्यातही फ्रान्चिश्काच विरघळते. तिची लंडनमधील चित्रे तिची एकटीची आहेत, स्तेफानच्या कादंबऱ्या त्याच्या एकट्याच्या. सहयोगाचा इतिहास लिहायचा तर कुठे दोन हात आहेत, कुठे एक आणि कुठे पाच, हे प्रत्येक कृतीपाशी थांबून तपासावे लागते. काम कंटाळवाणे आहे. पण पाटीवर दोन नावांमध्ये 'आणि' लिहिण्याचा अधिकार त्याशिवाय मिळत नाही.

२०१९ मध्ये बर्लिनच्या जर्मन संघीय अभिलेखागारात 'युरोपा'ची प्रत असल्याचे उघड झाले. लुटीचा माल म्हणून ती वारसांना परत मिळाली आणि २०२१ च्या लंडन चित्रपट महोत्सवात पुन्हा पडद्यावर आली. पोलंडमध्ये त्यांनी केलेल्या पाच चित्रपटांपैकी तोवर फक्त १९३७ चा 'एका सज्जनाचे साहस' हाती होता. त्यात दोन माणसे आरसा लावलेले कपाट घेऊन उलट्या पावली जंगलात चालत जातात.

उरलेले तीन अजून बेपत्ता आहेत. त्यांपैकी १९३५ च्या 'झ्वार्चे'ला संगीत होते वितोल्द लुतोस्वाव्स्की यांचे, म्हणजे तिथेही तिसरा हात होताच.