शिंपल्यांची बाग

रविवारची दुपार. ताटात तिसऱ्यांचं सुकं, हातात रिमोट आणि डोक्यात सोमवारची डेडलाइन. तेवढ्यात आजी म्हणाली, "अष्टमीला कुठून मिळाल्या गं तुला? भांगाला पाणी फार ओसरत नाही. काढायच्या तर पुनवेला नाहीतर अवसेला."

मी मोबाइलमधलं कॅलेंडर उघडलं. खरंच अष्टमी! आजीच्या डोक्यातल्या या डेटाचा बॅकअप आमच्या घरात कुणाकडेच नाही, हे तेव्हा लक्षात आलं. आणि घास जरा अडकलाच.

कारण अशीच एक गोष्ट मी नुकतीच वाचली होती. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरची.

१९९५ साली जॉन हार्पर नावाचा शास्त्रज्ञ ब्रिटिश कोलंबियातल्या ब्रॉटन द्वीपसमूहाची हवाई पाहणी करत होता. पार ओसरलेल्या पाण्याच्या कडेला त्याला दगडांच्या लांबच लांब रांगा दिसल्या. निसर्गाचं काम म्हणावं, तर इतकी शिस्त कशी? उत्तर पुढे मिळालं क्वाक्वाकावाक समाजाचे कुलप्रमुख अ‍ॅडम डिक यांच्याकडे. त्यांच्या भाषेत या रांगांना चक्क नाव होतं, लोखीवे. म्हणजे दगड गडगडवत एकत्र आणलेली जागा. शिंपल्यांची बागच म्हणा ना!

आयडिया साधी, पण जबरदस्त. सगळ्यात खालच्या ओहोटीच्या रेषेवर दगडांची बुटकी भिंत घालायची. तिच्यामागे वाळू आणि शिंपल्यांचा चुरा साचतो, उतार सपाट होतो आणि शिंपल्यांना हवी तेवढ्या खोलीची जागा वाढते. खणताना वाळू वरखाली होते, तिला हवा लागते. भिंतीच्या फटींत खेकडे, ऑक्टोपस भाड्याने राहायला येतात. २०१४ सालच्या एका अभ्यासात अशा बागांमध्ये बटर क्लॅम या जातीच्या शिंपल्या साध्या किनाऱ्याच्या चौपट सापडल्या. आणि क्वाड्रा बेटावरच्या काही भिंती किमान साडेतीन हजार वर्षं जुन्या निघाल्या.

मग हे सगळं विसरलं कसं गेलं? विसरलं नाही बॉस, विसरायला लावलं. या समाजांचा पोटलॅच हा मोठा सोहळा १८८५ ते १९५१ कायद्याने बंद होता. मुलांना घरापासून तोडून निवासी शाळांत घातलं जायचं. अ‍ॅडम डिकना लहानपणी घरच्यांनी या शाळेपासून लपवून ठेवलं आणि जुन्या जाणत्यांनी शिकवलं. म्हणून तो शब्द टिकला. २०१८ साली ते गेले. पण तोवर त्यांनी शास्त्रज्ञांना शिकवून ठेवलं होतं.

पुढचा भाग मला जास्त आवडतो. गल्फ आयलंड्सच्या राष्ट्रीय उद्यानात पार्क्स कॅनडाने कोस्ट सेलिश समाजांच्या ज्येष्ठांना सोबत घेऊन जुन्या भिंती पुन्हा रचायला घेतल्या. सीमेपलीकडे अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यात (राजधानी नव्हे, आपल्या ऑनसाइटवाल्यांचं सिअ‍ॅटलवालं!) स्विनोमिश लोक राहतात. तेही कोस्ट सेलिशच. त्यांनी कॅनडातल्या बागा जाऊन पाहिल्या, तिथल्या भाऊबंदांना विचारलं आणि ऑगस्ट २०२२ मध्ये किकेट बेटावर स्वतःची भिंत घातली. आधुनिक काळातली अमेरिकेतली ही पहिली.

घाईचं कारणही होतं. जून २०२१ मधल्या उष्णतेच्या लाटेत त्या किनारपट्टीवर एक अब्जाहून जास्त समुद्री जीव मेल्याचा अंदाज आहे. त्यात शिंपल्याही होत्या. भिंत घातली म्हणून हवामान काही बदलणार नाही. पण शिंपल्यांना तग धरायला जागा तर मिळेल.

आपण हार्ड डिस्कचा बॅकअप घेतो, फोटोंचा घेतो. आजीचा?

त्या रविवारी ताट बाजूला सारून मी मोबाइलचा रेकॉर्डर ऑन केला. "आजी, भांग म्हणजे नक्की काय गं?"

"आधी हात धू," आजी म्हणाली. रेकॉर्डिंगची सुरुवात तिथूनच होते.